दोर्गोनच्या मागावर बीजिंगमध्ये एक दिवस: एका पायी फेरीचा अनुभव

बाबा माझ्याकडे तिआनजिनला आले तेव्हा त्यांच्या खिशातल्या वहीत बघायच्या गोष्टींची यादी तयार होती. पहिल्या ओळीत चीनची भिंत, दुसऱ्या ओळीत नुसतं एक नाव: दोर्गोन. बाबांनी बत्तीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. १६४४ मध्ये ईशान्येकडच्या मांचू लोकांनी बीजिंग घेतलं आणि चिंग घराण्याचा शुन्झी सम्राट गादीवर बसला, हे वाक्य ते दरवर्षी वर्गात सांगायचे. एका वर्षी एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, सर, सम्राट तर सहा वर्षांचा होता ना, मग बीजिंग घेतलं कुणी? बाबांना त्या दिवशी दोर्गोन, सम्राटाचा काका, एवढं नाव सांगता आलं, माणूस सांगता आला नाही. ती रुखरुख निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

मी इथे तीन वर्षं आहे. बाजारहाट आणि ऑफिस निभावण्यापुरतं चिनी मला येतं, पण सतराव्या शतकातला दरबार समजावून सांगण्याइतकं अर्थातच नाही. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने या फेरीबद्दल सांगितलं. एक मध्यमवयीन मांचू बाई एकटीच हे काम करतात. पूर्वी शाळेत शिकवायच्या. बुकिंग फक्त ओळखीतून घेतात आणि नाव-नंबर जाहीर टाकू नका म्हणाल्या, म्हणून इथे देत नाही. सगळे त्यांना लाओशी, म्हणजे शिक्षिका म्हणतात. दुपारपर्यंत बाबा त्यांना सरळ 'बाई' म्हणायला लागले होते, आणि त्यांनाही तो शब्द आवडला.

दोघांचे मिळून ६८० युआन घेतले, वीचॅटवर, निम्मे आधी आणि निम्मे संध्याकाळी. राजवाड्याचं प्रत्येकी ६० युआनचं आणि जिंगशान बागेचं २ युआनचं तिकीट वेगळं. एका वेळी सहाहून जास्त माणसं घेत नाहीत. आमच्या दिवशी आम्ही दोघंच होतो. सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेचार. मी ऐकायचं, मराठीत बाबांना सांगायचं आणि त्यांचे प्रश्न उलटे चिनीत न्यायचे, असं दिवसभर चाललं. त्यामुळे वेळ दुप्पट लागतो हे त्यांनी फोनवरच ओळखलं होतं आणि त्याचे जादा पैसे मागितले नाहीत.

सुरुवात जिंगशान टेकडीच्या पूर्वेकडच्या पायथ्याशी झाली, जिथे मांचूंच्या आधी राज्य करणाऱ्या मिंग घराण्याच्या चोंगझेन सम्राटाने २५ एप्रिल १६४४ रोजी गळफास घेतला. ली झिचेंगचं बंडखोर सैन्य शहरात शिरलं होतं. आज तिथे उभं असलेलं झाड मूळचं नाही, नंतर लावलेलं आहे, हे बाईंनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं. मला तिथेच त्यांच्याबद्दल विश्वास वाटला. बहुतेक गट त्या झाडासमोर फोटो काढून वर टेकडीवर पळतात. आम्हाला त्यांनी बाजूच्या भिंतीच्या सावलीत नेलं, पिशवीतून घडीचं स्टूल काढलं, बाबांना बसवलं आणि म्हणाल्या, सम्राट इथे मेला तेव्हा आपला माणूस इथून सहाशेहून जास्त किलोमीटरवर मुकदेनला होता. आधी त्याला तिथे भेटू.

मुकदेन म्हणजे आजचं शेनयांग. दोर्गोनचा जन्म १६१२ चा, मांचूंचा खान नुरहाची याचा चौदावा मुलगा. मांचू भाषेत दोर्गोन म्हणजे बॅजर, आपल्याकडच्या चांदी अस्वलासारखा बिळं खणणारा चिवट प्राणी. आई आबाहाय, उला नारा कुळातली. अजिगे थोरला सख्खा भाऊ, दोदो धाकटा. १६२६ मध्ये निंगयुआनच्या वेढ्यात मिंग सेनापतीकडून हार खाल्ल्यावर काही महिन्यांनी नुरहाची वारला, आणि मोठ्या राजपुत्रांनी आबाहायला नवऱ्यामागे मरायला भाग पाडलं. दोर्गोन तेव्हा तेरा वर्षांचा होता. ज्यांच्या शब्दावरून आई गेली त्यांच्यातलाच एक, आठवा भाऊ होंग ताइजी, खान झाला, आणि या पोराने पुढची सतरा वर्षं त्याच भावासाठी लढाया मारल्या.

बाबांनी इथे मला थांबवलं. त्यांना विचारायचं होतं की त्याला राग नव्हता का. बाईंचं उत्तर असं होतं: त्याच्या मनातलं लिहिलेलं आपल्याकडे काही नाही, त्याने केलेलं आहे, ते सांगते. दिवसभर त्यांनी हा नेम मोडला नाही. मालिकांमध्ये दोर्गोन म्हणजे आईच्या सूडाने आणि वहिनीच्या प्रेमाने पेटलेला नायक असतो. शुन्झीच्या आईशी, म्हणजे होंग ताइजीच्या विधवेशी, त्याने लग्न केलं ही गोष्ट तर इथे पोराटोरांना माहीत आहे. बाईंनी ती टाळली नाही, पण मिंगनिष्ठ शत्रुपक्षातल्या एका कवीच्या टोमण्यावर ती कशी उभी आहे आणि ठोस पुरावा कसा नाही हे दोन मिनिटांत सांगून पुढे गेल्या. ज्यांना मसाला हवा आहे त्यांची या फेरीत निराशा होईल. मला हा तिचा सर्वांत मोठा गुण वाटला.

मग त्यांनी बाबांच्या मांडीवर हातरुमालाएवढे आठ कापडी तुकडे मांडले. पिवळा, पांढरा, लाल, निळा असे चार साधे, आणि त्याच चार रंगांचे काठ लावलेले. पिवळ्या, पांढऱ्या आणि निळ्याला लाल काठ, लालला पांढरा. हे आठ ध्वज म्हणजे अख्खं मांचू राज्य: सैनिक, त्यांची कुटुंबं, जमीन, गुलाम, सगळं कुठल्या ना कुठल्या ध्वजाखाली. शिवण त्यांनी स्वतः घातली होती, काठाची टीप एका कोपऱ्यात जराशी सुटलेली. सप्टेंबर १६४३ मध्ये होंग ताइजी वारस न नेमता गेला, तो प्रसंग त्यांनी या तुकड्यांवर खेळून दाखवला. दोन पिवळे आणि एक निळा थोरला मुलगा होगे याच्या बाजूला. दोन पांढरे दोर्गोन आणि त्याच्या सख्ख्या भावांकडे. दोन लाल म्हाताऱ्या सावत्र भावाच्या, दाइशानच्या घराकडे. उरलेला काठाचा निळा चुलतभाऊ जिरगालांगकडे. राजवाड्यात बैठक भरली तेव्हा पिवळ्या ध्वजांचे शिपाई धनुष्यं घेऊन बाहेर उभे होते. आमच्या धन्याचाच मुलगा गादीवर बसला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. अजिगे आणि दोदो दोर्गोनला तूच बस म्हणून गळ घालत होते. तो हो म्हणेना, तेव्हा दोदोने मग मला करा असंही म्हणून पाहिलं.

बाबा तुकडे इकडून तिकडे सरकवत बसले. तीनला दोन, दोनला एक. कुठल्याही बाजूने गेलं तरी मुकदेनमध्येच रक्ताचे पाट वाहणार आणि दक्षिणेकडचा मिंग शत्रू हसत बसणार. शेवटी बाईंनी पिवळ्यांपैकी एका तुकड्यावर एक लहानसं बटण ठेवलं. होंग ताइजीचा नववा मुलगा, फुलिन, म्हणजे पुढचा शुन्झी सम्राट, पाच वर्षांचा. पिवळ्यांना धन्याचा मुलगा मिळाला, होगेला गादी मिळाली नाही, आणि कारभार दोर्गोन आणि जिरगालांग या दोघांच्या हाती आला. दोर्गोनलाच बसवायला निघालेल्या दाइशानच्या मुलाला आणि नातवाला ठार केलं गेलं. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "आपल्याकडे काका-पुतण्या म्हटलं की शनिवारवाडा आठवतो, आणि इथे काकाने पुतण्याला बसवलंय." मी ते भाषांतर केलं नाही, नारायणराव आणि राघोबा समजावण्यात अर्धा तास गेला असता. पण बाईंनी त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओळखलं आणि म्हणाल्या, घाई करू नका, अजून सात वर्षं आहेत.

जिंगशानवरून आम्ही राजवाड्याच्या पूर्व भिंतीबाहेरून, खंदकाच्या कडेने दक्षिणेकडे चालत गेलो, कारण राजवाड्यात शिरायचं ते दक्षिणेच्या वूमन दरवाज्यातूनच. अंतर दोन किलोमीटरच्या आसपास असेल. बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे. वाटेत तीनदा स्टूल निघालं. गुडघ्याची तक्रार असलेल्यांनी हा टप्पा आधी विचारात घ्यावा. टॅक्सीची सोय या फेरीत नाही आणि त्या भागात तपासणी नाक्यांमुळे टॅक्सी नेऊन फायदाही नसतो. पासपोर्ट मात्र हाताशी ठेवा, आमचे रस्त्यातच दोनदा बघितले.

शानहाय खिंडीची लढाई त्यांनी खंदकाजवळच्या बाकावर सांगितली. मिंगांचा सेनापती वू सांगुई खिंडीत अडकला होता: पुढे मांचू, मागे बीजिंग घेतलेला ली झिचेंग. दोर्गोन मेच्या मध्यावर मुकदेनहून आधीच निघाला होता, वूचं पत्र त्याला वाटेत मिळालं. पत्रात वूने मदत मागितली होती आणि मोबदल्यात जमीन देऊ केली होती. दोर्गोनने उलटा निरोप धाडला: शरण ये, तुला जहागिरीसह राजा करतो. बाबांना हा तुकडा फार आवडला, कारण पाहुणा म्हणून बोलावलेल्याने घराचीच किंमत विचारली. २७ मे १६४४ ला लढाई झाली. वूच्या सगळ्या सैन्याची डोकी मांचू पद्धतीने भादरायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी अंगावर पांढरी फडकी बांधली, ओळख पटावी म्हणून. दिवसभर वूच्या माणसांनी मार खाल्ला. दोर्गोनने आपलं घोडदळ राखून ठेवलं होतं. धुळीचं वादळ सुटलं, आणि ते बसता बसता मांचू स्वार ली झिचेंगच्या थकलेल्या बगलेवर तुटून पडले. सांगताना बाईंचा आवाज चढला नाही. वूची माणसं तोवर मरत होती, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

राजवाड्यात दिवसभर गर्दी असते, पण सगळी गर्दी मधल्या तीन मोठ्या दालनांकडे धावते. आम्ही वूमनमधून आत शिरल्यावर डावीकडे वळलो, वूयिंग दालनाकडे. तिथे आता चिनी मातीच्या भांड्यांचं संग्रहालय आहे आणि लोक निळ्या-पांढऱ्या सुरया बघायला येतात. बाईंनी आम्हाला भांड्यांकडे पाठ करून अंगणात उभं केलं. ३ जून १६४४ ला ली झिचेंगने याच दालनात घाईघाईने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं, दुसऱ्या दिवशी राजवाड्याला आग लावून तो पश्चिमेला पळाला. एक-दोन दिवसांत दोर्गोन चाओयांग दरवाज्याने शहरात आला. मिंगांचे उरलेसुरले अधिकारी आपला युवराज परत येतोय या आशेने स्वागताला उभे होते, आणि आला हा.

इथली गोष्ट बाबांनी वहीत पूर्ण पान लिहून घेतली. खोजांनी सम्राटाची पालखी समोर आणून ठेवली. दोर्गोन म्हणाला, मी झोऊच्या सामंतासारखा बालराजाचा कारभारी आहे, मी या पालखीत बसणं बरं नाही. लोकांनी पाया पडून उत्तर दिलं की झोऊच्या सामंतानेही राजाच्या जागी बसून कारभार केला होता, तुम्हीही बसा. मग तो बसला. झोऊचा सामंत म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा, चिनी लोकांच्या तोंडी असलेला आदर्श काका: भाऊ वारला, पुतण्या लहान, सात वर्षं राज्य सांभाळलं आणि पुतण्या मोठा झाल्यावर परत दिलं. हे नाव घेऊन दोर्गोनने एका वाक्यात जिंकलेल्या लोकांना सांगून टाकलं की मी तुमच्या पोथ्या जाणतो आणि मी गादी बळकावणार नाही. बहुतेक दालनं जळालेली होती, वूयिंग वाचलं होतं, म्हणून कारभार इथून सुरू झाला. चोंगझेन सम्राटासाठी तीन दिवसांचा दुखवटा पाळायचा हुकूम निघाला. लुटालूट बंद. जुने अधिकारी आपापल्या जागी. सप्टेंबरमधल्या ग्रहणाचं गणित जर्मन पाद्री आदाम शाल याचं बरोबर आलं, तर पंचांगाचं खातंही त्याच्याकडे.

आज दिसतं ते दालन १८६९ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेलं आहे, हेही बाईंनी लपवलं नाही. बाबांनी विचारलं, मग आपण बघतोय काय? त्या म्हणाल्या, जागा आणि दिशा. चाओयांग दरवाजा पूर्वेला, वूयिंग पश्चिमेला. तो अख्खा राजवाडा ओलांडून इथे आला, मधली राखही त्याने बघितलीच असणार.

जवळच्या जुन्या दगडी पुलाशी, मोठमोठ्या झाडांखाली आम्ही डबा खाल्ला. जेवणाची सोय फेरीत नाही आणि त्याबद्दल आधी नीट सांगितलंही गेलं नव्हतं. मी सवयीने पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती म्हणून निभावलं. बाईंनी पोळीचा एक तुकडा खाऊन बघितला आणि बाबांना थर्मासमधला चहा दिला.

आता माझी खरी तक्रार. दोर्गोनच्या कारभारातला सर्वांत जड भाग, म्हणजे १६४५, त्यांनी इथे पुलाजवळ जेमतेम दहा मिनिटांत उरकला. त्या वर्षी दोदो दक्षिणेला गेला. यांगझोउचा मिंग सेनापती शि केफा याला दोर्गोनने आधी पत्र लिहून शरण यायला सांगितलं होतं. त्याने मान तुकवली नाही. मे महिन्यात शहर पडलं, शि केफाला मारलं, आणि पुढे कित्येक दिवस कत्तल चालली. जूनमध्ये नानजिंगने दारं उघडली. त्यानंतर दोर्गोनने तो हुकूम काढला जो बीजिंगमध्ये आल्या आल्या काढून लोकांच्या रागामुळे मागे घेतला होता: हुकूम पोचल्यापासून दहा दिवसांत प्रत्येक पुरुषाने कपाळ भादरून मागे वेणी ठेवायची. डोकं ठेवायचं तर केस नाहीत, केस ठेवायचे तर डोकं नाही, अशी म्हणच पडली. शरण आलेली गावं या एका हुकुमाने पुन्हा पेटली. जियादिंगमध्ये तीनदा कत्तल झाली.

चिनी घरांत आईवडिलांनी दिलेला देह, त्यातला केसही, जपणं हे मुलाचं कर्तव्य मानत. त्यामुळे हा हुकूम म्हणजे घराघरात शिरून बापाचा अपमान करण्यासारखा होता. एवढी मोठी गोष्ट पोळी खाता खाता संपवायची नसते. मी त्यांना तसं तिथेच म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की त्या ज्या जागेबद्दल बोलतात ती पायाखाली असावी लागते, यांगझोउ इथे नाही. मला हे पटलं नाही. शानहाय खिंडही इथे नव्हती, ती त्यांनी बाकावर बसून उभी केली होती. मांचू घरातल्या माणसाला यावर बोलणं जड जात असेल, हे मी समजू शकते. तरी दोर्गोनच्या नावाची फेरी असेल तर त्यात यांगझोउला बाक हवाच.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःहून चांगली सांगितली, डोंगहुआ दरवाज्यातून बाहेर पडताना. १६४८ मध्ये बीजिंगच्या आतल्या शहरातल्या चिनी रहिवाशांना घरं सोडून दक्षिणेकडच्या बाहेरच्या शहरात जायला लावलं, आतलं शहर ध्वजांच्या माणसांसाठी. भरपाई खोलीमागे चार ताएल चांदी. बाईंनी समोरच्या गल्लीतल्या एका घराकडे बोट दाखवून खोल्या मोजल्या, सात. म्हणजे अठ्ठावीस ताएल, आणि सामान उचला. बाबा त्या घराकडे बराच वेळ बघत राहिले. दारात एक म्हातारी कोथिंबिरीसारखी कसलीतरी भाजी निवडत होती.

शेवटचा टप्पा पुदू मंदिर, नानचिझी रस्त्याच्या पूर्वेच्या गल्ल्यांमध्ये. कुणी मुद्दाम नेल्याशिवाय ते सापडणार नाही. आजूबाजूला साधी वस्ती, मध्येच जमिनीपासून चांगलाच उंच एक विटांचा चौथरा आणि त्यावर एकटं मोठं दालन. खाली म्हातारे बुद्धिबळाच्या पटाभोवती जमलेले. हा दोर्गोनचा वाडा. त्याआधी मिंगांच्या काळात हा दक्षिण महाल होता. १४४९ मध्ये मंगोलांनी पकडून नेलेला आणि सुटून आलेला सम्राट याच महालात सावत्र भावाच्या नजरकैदेत होता. दोर्गोननंतर १६९४ मध्ये कांग्शी सम्राटाच्या काळात इथे मंदिर झालं. कुणाचं, ते बाईंनी चिनी उच्चारात सांगितलं, "माहागाला." मी दोनदा विचारलं. बाबांच्या आधी लक्षात आलं: महाकाल. तिबेटी बौद्धांचा रक्षक देव, मंगोलांकडून मांचूंकडे आलेला. वाड्याच्या धन्याचं चिलखत आणि शस्त्रंही या मंदिरात ठेवलेली असत. पुदू हे नाव चिएनलुंग सम्राटाच्या काळातलं. दालनाच्या खिडक्या बघा असं त्यांनी सांगितलं: खूप खालपासून सुरू होतात, मांचू घरांसारख्या. आत जायचं नव्हतं, ते फेरीत नाहीच, पण बाहेरून चारही बाजूंनी सावकाश फिरता आलं.

सहा वर्षं अख्खं साम्राज्य या चौथऱ्यावरून चाललं. त्या काळच्या वू वेइये या कवीची एक कविता आहे, ती बाईंनी पाठ म्हटली आणि मग अर्थ सांगितला: सात वर्षं सोन्याच्या पट्ट्यांची पेटी त्याच्या मुठीत होती, शेकडो अधिकाऱ्यांच्या गाड्या या दक्षिण शहरात जमत. पेटी म्हणजे पुन्हा झोऊच्या सामंताचीच गोष्ट. त्याने आजारी भावासाठी केलेली प्रार्थना अशा पेटीत बंद करून ठेवली होती. सकाळच्या पालखीचं दुसरं टोक इथे दुपारी हाताला लागलं, आणि मला अंगावर काटा आला. कारण तोवर काय काय झालं होतं ते आम्ही ऐकलं होतं. जिरगालांगला १६४७ मध्ये बाजूला केलं. होगेला १६४८ मध्ये कैदेत टाकलं, तो तिथेच मेला, आणि त्याची बायको दोर्गोनने आपल्या घरात आणली. त्याच वर्षी पदवी बदलली: 'काका कारभारी'चा झाला 'सम्राटाचा पिता कारभारी'. दोदो १६४९ मध्ये देवीने गेला. तब्येत दोर्गोनचीही कधी धड नव्हती. बीजिंगचा उन्हाळा सोसवेना म्हणून भिंतीपलीकडे नवं शहर बांधायला काढलं आणि त्यासाठी नऊ प्रांतांवर जादा कर बसवला.

३१ डिसेंबर १६५० रोजी, आजच्या चेंगदेजवळ, शिकारीच्या मोहिमेवर तो वारला. अडतिसाव्या वर्षी. मुलगा नव्हता, एक मुलगी आणि दोदोचा दत्तक घेतलेला मुलगा. प्रेत आणलं तेव्हा बारा वर्षांचा शुन्झी सुतकाच्या कपड्यात डोंगझी दरवाज्याबाहेर सामोरा गेला. मरणोत्तर सम्राटपदही दिलं. आणि जेमतेम दोन महिन्यांत जिरगालांग परत उभा राहिला, दोर्गोनचेच हाताखालचे लोक साक्षीला आले, कफनात सम्राटाची वस्त्रं घातली हा आरोप झाला, आणि सगळ्या पदव्या काढून घेतल्या. थडगं उकरल्याचं आणि प्रेताची विटंबना केल्याचं मार्तिनी या पाद्र्याने लिहून ठेवलं आहे. अजिगेला आत्महत्या करायला लावली. तीन सख्खे भाऊ, तिघंही १६५१ च्या शेवटी नव्हते.

हे सगळं सांगायच्या आधी बाईंनी एक गोष्ट केली होती. बीजिंगच्या बागांमध्ये म्हातारी माणसं लांब दांड्याचा स्पंजचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढतात, तसा कुंचला त्यांनी पाठीवरच्या पिशवीत बांधून आणला होता. चौथऱ्याच्या पायरीवर त्यांनी मांचू लिपीत दोर्गोन हे नाव काढलं, वरून खाली, एका सरळ कण्याला फुटलेले दात आणि पोटं. मग बाबांना जवळ बोलावून एक टिंब दाखवलं. कण्याच्या उजवीकडे टिंब असलं की ग, वर्तुळ असलं की ह, काहीच नसलं की क. ही टिंबं-वर्तुळं दोर्गोन वीस वर्षांचा असताना, १६३२ मध्ये, दाहाइ नावाच्या पंडिताने लिपीत आणली. त्याआधी वाचणाऱ्याने अंदाजाने ओळखायचं. बाबांनी कुंचला हातात घेऊन स्वतः काढून पाहिलं. कणा वाकडा आला, टिंब नेमकं पडलं. बाईंनी शिक्षिकेसारखं टिंबापाशी बरोबरची खूण केली. मी फोटो काढेपर्यंत वरचा द वाळून गेला होता, म्हणून फोटोत 'र्गोन' एवढंच आहे.

१७७८ मध्ये चिएनलुंग सम्राटाने निकाल फिरवला. मनात असतं तर सैन्य याच्याच हातात होतं, असा त्याचा मुद्दा होता, आणि तो मुद्दा कुणालाही तिथे उभं राहून पटण्यासारखा आहे. दोर्गोनची रुइ राजपुत्र ही जुनी पदवी परत मिळाली, दत्तक मुलाच्या वंशाला कायमची. बाबांनी यावर बाईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, जगला असता तर पुतण्याला राज्य परत दिलं असतं का? त्या म्हणाल्या, वेणीचा हुकूम ज्याने मागे घेऊन पुन्हा काढला, त्याने काय केलं असतं ते मी सांगणार नाही. दुपारी मी केलेली तक्रार त्यांनी मनावर घेतली होती हे मला तेव्हा कळलं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण यांगझोउचा. जेवणाची आधी सूचना द्यावी, आणि हातात देतात त्या कागदावर सम्राटांच्या राजवटीतली वर्षं आहेत, त्यासमोर इसवी सनही छापावेत. बाबांनी पेन्सिलने सगळे लिहून काढले आणि तो कागद बाईंनी फोटो काढून ठेवून घेतला. जाणार असाल तर सोमवार सोडून दिवस ठरवा, राजवाडा बंद असतो. तिकिटं सात दिवस आधी सुटतात, तेव्हा पासपोर्टचे तपशील त्याच्याआधी कळवून ठेवा. चिनी येत नसेल तर भाषांतर करणारं कुणी बरोबर न्याच.

रात्री अकराला बाईंचा तीन मिनिटांचा आवाजी निरोप आला. जियांगयिन या गावाबद्दल: वेणीचा हुकूम आल्यावर गावाने दरवाजे लावले आणि एक्याऐंशी दिवस झुंज दिली, पडलं तेव्हा जवळजवळ कुणी उरलं नाही. गल्ल्यांची, दरवाज्यांची नावं घेऊन त्या सांगत होत्या. बाबांनी तो तीनदा लावायला लावला आणि वहीत उतरवून घेतला. गुरुवारी आम्ही शेनयांगला चाललो आहोत. तिथे त्या फेरी घेत नाहीत, पण आठ तुकडे त्यांनी बाबांना दिले आहेत, परत आल्यावर द्यायच्या बोलीवर.